शिवी ठेवू की काढू?

पत्र थोडक्यात असं आहे (नाव, गाव गाळलंय):

मी २९ वर्षांचा, सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतो, एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करतो. वडील एस्टीत कंडक्टर होते, २०२३ च्या शेवटी रिटायर झाले. मला लिहायचा नाद आहे. शनिवारी रात्री तालमीच्या कट्ट्यावर मित्रांना वाचून दाखवतो, पोरं हसून हसून लोळतात. लिखाण म्हणजे आम्ही बोलतो तसंच, शिव्यांसकट, संडास-मुतारीच्या विनोदांसकट. यंदा वडिलांच्या नोकरीवर मोठा लेख लिहिला, एका दिवाळी अंकाला पाठवला. तो परत आला, सोबत दोन ओळी, की भाषा ग्राम्य आणि अश्लील आहे, सुधारून आणि विनोद काढून पाठवल्यास विचार करू. कॉलेजातले माझे सर म्हणतात संपादकांचं बरोबर आहे, साहित्यात असलं चालत नाही. मित्र म्हणतात एक शब्द जरी काढलास तर तू तू राहणार नाहीस, दादा कोंडक्यांना लोकांनी डोक्यावर घेतलंच ना. ताई, शिव्या ठेवू की काढू? लेख सोबत पाठवतोय. आईला अजून दाखवलेला नाही, दाखवण्यासारखा नाही म्हणून.

मित्रा,

तुझा अठरा पानांचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, लेख चांगला आहे, त्यात असं काहीतरी आहे जे मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही, आणि तो छापून यायला हवा असं मला मनापासून वाटतं. आता बाकीचं सगळं हे गृहीत धरून बोलते.

तू विचारलंस ठेवू की काढू. मला वाटतं इथेच गडबड आहे, कारण तू, तुझे सर, संपादक आणि कट्ट्यावरची पोरं, तुम्ही सगळ्यांनी मिळून दोन वेगळ्या गोष्टींचं एक गाठोडं बांधलंय. तुझी बोलायची भाषा ही एक गोष्ट, आणि अचकट विचकट विनोद ही दुसरी. संपादकांनी पण "ग्राम्य आणि अश्लील" असं एका दमात लिहून टाकलं. गंमत बघ, हे दोन्ही शब्द जुन्या काव्यशास्त्रातले आहेत आणि तिथे ते दोन वेगळे दोष म्हणून मोजलेत. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचा पंडित होऊन गेला, त्याने ग्राम्य वेगळं धरलंय, म्हणजे फक्त खेडवळ माणसांच्या तोंडी असणारा शब्द, आणि अश्लील वेगळं, त्याचेही पुन्हा तीन प्रकार, एक लाज आणणारं, एक किळस आणणारं आणि एक अमंगळ, अशुभ वाटणारं. आणि एवढं करून पुढे तोच सांगतो की बोलणारा कोण आहे, प्रसंग काय आहे हे बघितलं तर दोषसुद्धा कधीकधी गुण ठरतो. हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत पंडित एवढी मोकळीक देतोय, तर आपण आज दोन ओळीत निकाल लावायचं काही कारण नाही.

तर आधी भाषेचं बघू, कारण ते सोपं आहे. "काय करलालास बे" हे तुझे वडील डेपोत ड्रायव्हरला विचारतात. ते "काय करतो आहेस" असं करायचं का? अजिबात नाही. सोलापूरकडचा माणूस "करलालास" म्हणतो, "बे" म्हणतो, आणि त्या "बे" मध्ये जी जवळीक आहे ती प्रमाण मराठीत आणायला दोन वाक्यं लागतील आणि तरी यायची नाही. नुसतं संवादातच नाही, निवेदनात सुद्धा तुझी भाषा बोलीकडे झुकते, कुठे क्रियापद आधी येतं, कुठे वाक्य संपता संपत नाही, ते मला आवडलं. यातलं काहीही अश्लील नाही आणि कुणी तसं म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. सरांना माझ्याकडून एवढंच सांग की पैठणचे एकनाथ महाराज, घरात संस्कृत विद्या असलेला माणूस, त्यांनी भारुडं लिहिली ती विंचू चावलेल्या बाईच्या, भुत्याच्या, जोश्याच्या तोंडची, त्यांच्याच बोलीत. ते सोळाव्या शतकात चाललं.

आता शिव्या आणि विनोद. इथे मी तुझ्या मित्रांच्या बाजूनेही नाही आणि सरांच्या बाजूनेही नाही, मी प्रत्येक जागा वेगळी बघितली, आणि ती कशी बघितली ते सविस्तर सांगते, म्हणजे असंच लिहिणारे बाकीचे वाचतील त्यांनाही उपयोग होईल.

मुक्कामी गाडीचा प्रसंग. वडील आणि ड्रायव्हर रात्री गाडीतच झोपलेत, पहाटे वडिलांचं पोट बिघडलंय, गावात सोय नाही, ते बाटली घेऊन ज्वारीच्या रानात पळतात आणि तिकडे गाडी सुटायची वेळ झालेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गावातल्या चार म्हाताऱ्या गाडीपाशी येऊन उभ्या. हा तू जसा लिहिलायस तसाच ठेव. एक शब्द हलवू नकोस. त्यात किळस आहे, लाज आहे, मम्मटाचे दोन प्रकार तिथेच आले, पण तो विनोद खरा आहे कारण ती नोकरीच तशी आहे. तास तास लघवी दाबून ठेवायची, स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही, वेळापत्रक पोटाला विचारून चालत नाही. त्याच्या पुढच्या पानावर तू लेडी कंडक्टरचं दीड वाक्य टाकलंयस, की त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि तिथे माझं हसू थांबलं. हे तुला जमलंय. मूत, घाम, पोट हे शब्द काढून ही गोष्ट सांगायची म्हटलं तर "कर्मचाऱ्यांना मूलभूत सुविधांचा अभाव" असं वाक्य होईल, आणि असल्या वाक्याजवळ कुणी क्षणभरही थांबत नाही.

तुकोबांची एक ओळ सगळ्यांना पाठ असते, भले तरी देऊ कासेची लंगोटी. शाळेत अशीच शिकवतात. गाथा उघडून बघ, तिथे "गांडीची लंगोटी" आहे. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा ते वाचलं आणि दचकले होते, आणि मग लक्षात आलं की कास म्हटल्यावर ती नुसती एक देणगी होते, पण मूळ शब्द ठेवला की कळतं, ह्या माणसाच्या अंगावर तेवढंच शेवटचं फडकं उरलंय आणि तेही तो काढून द्यायला तयार आहे, उघडा पडायला तयार आहे. हा शब्द हसवायला आलेलाच नाही. तो तिथून उचलला की देणारा थोडा सुरक्षित होतो, थोडा कमी देतो. शब्द घाण आहे की नाही यापेक्षा तो उचलल्यावर काय कमी होतं, हे बघायची सवय मला या एका ओळीने लावली.

हीच कसोटी आता तुझ्या अर्ध्या तिकिटाच्या विनोदाला लाव. मार्च २०२३ मध्ये एस्टीत बायकांना अर्धं तिकीट झालं, गाड्या भरून वाहायला लागल्या, वडिलांच्या नोकरीचे शेवटचे महिने त्या गर्दीत गेले, हे सगळं फार छान आलंय. आणि मग ती जाड बाई चढते आणि तू लिहितोस, दीड माणसाची जागा आणि अर्ध्या माणसाचं तिकीट, आणि त्यापुढे तिच्या अंगावरून आणखी चार ओळी ज्या मी इथे लिहीत नाही. कट्ट्यावर ह्याला सगळ्यात जास्त हशा येत असणार, मला माहितेय. पण ती बाई कोण आहे? कुठून चढली, कुठे चालली, एवढ्या गर्दीत का चालली? तुला माहीत नाही, तू बघितलंच नाहीस, तुला तिचं फक्त अंग दिसलं. बाकीच्या सतरा पानांत तू प्रत्येक माणसाला नीट बघतोस, तिकिटाला पैसे कमी पडलेल्या पोराला, दारू पिऊन चढलेल्या मास्तरला, आणि हिलाच तेवढं बघत नाहीस. उचलून टाकलं तर लेखातलं काय जातं? एक हशा जातो. मी असते तर काढला असता, सोवळेपणासाठी नाही, तर तेवढ्या चार ओळी आळशी आहेत म्हणून.

तमाशातला सोंगाड्या आठव. बतावणीत तो काय काय बोलतो, ऐकताना बायाबापड्या पदर तोंडाला लावतात, पण त्याची टोपी उडवायची सवय बघ कुणाच्या दिशेने असते. राजा, प्रधान, पाटील, सावकार. गवळणीतली मावशी कृष्णालासुद्धा सोडत नाही, देवाला! हसणारा माणूस जमिनीवर बसलेला आणि ज्याच्यावर हसायचं तो गादीवर. तुझ्या लेखात तो वाहतूक नियंत्रक आहे ना, जो वडिलांना चारचौघांत बोलतो आणि स्वतः दुपारी टेबलावर घोरतो, त्याच्यावर तू एकही वाईट विनोद केलेला नाहीस. मला जरा आश्चर्यच वाटलं. त्याला घाबरतोस का अजून?

दादा कोंडक्यांचं मित्रांनी काढलं म्हणून त्याबद्दल बोलते, कारण ते उदाहरण जो तो देतो. दादांच्या वाक्यातले शब्द सुटे काढून बघ, बहुतेक सगळे स्वच्छ असतात. अगदी भाबड्या चेहऱ्याचा माणूस साधंसुधं काहीतरी बोलतो आणि दुसरा अर्थ थिएटरात बसलेल्या माणसाच्या डोक्यात तयार होतो, म्हणजे वाह्यातपणा प्रेक्षकाच्या पदरात टाकून तो स्वतः निरागस उभा. याला केवढं गणित लागतं. शिवाय तिथे चेहरा आहे, आवाज आहे, नाडी लोंबणारी ती हाफ पँट आहे, वाक्याआधी घेतलेला दम आहे. कागदावर हे काहीच नसतं. कट्ट्यावर तू वाचतोस तेव्हा तुझा चेहरा तुझ्या शब्दांना सांभाळून घेतो, पोरांना माहितेय तू कसा आहेस, तुझा बाप कसा आहे, ते शब्द ऐकायच्या आधीपासूनच तुझ्या बाजूचे आहेत. नांदेडला किंवा न्यू जर्सीत बसून तुझा लेख वाचणाऱ्या माणसाजवळ फक्त छापलेला शब्द असेल.

म्हणूनच तोंडातली शिवी आणि छापील शिवी एक नसते. आपलं "च्यायला" बघ, "आयला" बघ. मुळात आईवरून दिलेल्या शिव्या, वापरून वापरून इतक्या झिजल्या की आता बस चुकली तरी च्यायला आणि बस मिळाली तरी च्यायला, तो नुसता एक उसासा आहे. बोलताना कानाला कळतही नाही. पण कागदावर डोळा प्रत्येक वेळी तिथे अडकतो. मी मोजलं, तुझ्या निवेदनात च्यायला ४१ वेळा आहे, संवादातले सोडून. पहिल्या तीन-चारला मला तुझा आवाज ऐकू आला, दहाव्यानंतर काहीच ऐकू येईना, आणि मग तो नियंत्रक वडिलांना खरोखरची, जहरी शिवी देतो त्या जागी, जिथे माझ्या पोटात गोळा यायला हवा होता, तिथे मी तशीच पुढे गेले कारण तोपर्यंत माझा कान मेला होता. ती शिवी पूर्ण ठेव. त्याच्या तोंडची आहे, त्याने दिली आहे, वडिलांनी ऐकून घेतली आहे. ती वाजावी म्हणून तुझ्या स्वतःच्या च्यायला कमी कर, पाच-सहा पुरतील. आणि फुल्या फुल्या घालू नकोस, अंकवाल्यांनी घालायचं म्हटलं तरी भांडून बघ, फुल्यांमुळे वाचणारा जरा जास्तच वेळ त्या शब्दाचाच विचार करत बसतो.

काही जागी मात्र जे बाहेरच्याला घाण वाटतं ती तिथली रोजची भाषाच असते. नामदेव ढसाळांच्या पहिल्या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली तेव्हा त्यांना कित्येक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले होते. तेंडुलकरांसारख्या माणसाला! ते शब्द कामाठीपुऱ्याच्या त्या वस्तीत लोकांच्या रोजच्या तोंडी होते, धक्का द्यायला बाहेरून आणलेले नव्हते. तुझ्या लेखातले डेपोतले शब्द तसेच आहेत, ते ठेवायचे.

आता जे सांगायला मी खरं तर हे सगळं लिहितेय ते.

पान अकरा. संप चालू आहे, २०२१ चा नोव्हेंबर निघून गेलाय, पगार बंद, पुढे तो संप एप्रिलपर्यंत ताणला जाणार आहे हे तेव्हा घरात कुणाला माहीत नाही. आई पाटल्या गहाण टाकून येते. रात्री तुला जाग येते, वडील अंधारात अंगणात बसलेत आणि हातात घरी राहिलेला तो तिकिटाचा जुना पंच आहे, मशीन येण्याआधीचा, आणि ते नुसताच वाजवतायत, टक टक, टक टक, तिकीट नाही काही नाही. इथपर्यंत वाचून मी लेख खाली ठेवला होता. आणि मग उचलला तर पुढच्याच ओळीत वडिलांची लुंगी सुटलेली आहे आणि त्यावर आठ ओळींचा विनोद.

पान चौदा, निलंबनाची नोटीस येते, लगेच पादण्याचा विनोद. पान सतरा, शेवटची ड्युटी, वडील गाडीतून उतरताना पायरीला हात लावतात, आणि तिथे पुन्हा काहीतरी खालचं. मी पेन्सिलने खुणा केल्या आणि मग एकदम दिसलं, तुझा सगळ्यात खालच्या पातळीवरचा विनोद नेमका तिथेच येतो जिथे तुला रडू येणार असतं. प्रत्येक वेळी. रानातला विनोद अशा जागी आलेला नाही म्हणून तो मोकळा आहे, हे तीन घाबरलेले आहेत.

यात तुझा दोष काढत नाहीये. आपल्याकडे पोरांना असंच शिकवलं जातं, कट्ट्यावर कुणाचा बाप गेला तरी दहाव्या दिवशी कुणीतरी वाह्यात काहीतरी बोलून त्याला हसवतो, आणि ती माया असते, मी तिला नावं ठेवणार नाही. पण लिहिताना तुला कुणी हसवायला हवंय असं नाही. वाचणारा तुझ्यासोबत त्या अंगणात उभा राहायला तयार आहे, आणि तूच त्याला हाताला धरून बाहेर काढतोयस. मित्र म्हणतात शब्द काढलेस तर तू तू राहणार नाहीस. मला तर त्या लुंगीच्या आठ ओळींत तू सापडलाच नाहीस, तू त्याच्या आधीच्या टक टक मध्ये होतास.

तेव्हा असं कर. त्या तीन जागांचे विनोद एका वेगळ्या कागदावर काढून ठेव, फाडून टाकू नकोस, आणि लेख आठ-दहा दिवस उघडू नकोस. नंतर ती पानं विनोदाशिवाय मोठ्याने वाच, एकटाच वाच, कट्ट्यावर नको. जीभ अडखळेल, लाज वाटेल, भलतंच भावुक झालंय असं वाटेल. तसं वाटलं तर वाक्यं आणखी साधी कर, वडील काय करत होते तेवढंच लिही, तुला काय वाटलं ते लिहू नकोस. एखाद्या जागी तरीही विनोद परत हवाच वाटला, तर घाल, तेव्हा तो विचार करून आलेला असेल.

आणि आईला वाचून दाखव. "दाखवण्यासारखा नाही" असं तू कंसात टाकल्यासारखं शेवटी लिहिलंस, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुला वाटतंय आईला शिव्या आवडणार नाहीत. चाळीस वर्षं कंडक्टरचा संसार केलेल्या बाईने काय काय ऐकलं नसेल? रानातला प्रसंग तिने तुझ्या आधी ऐकलाय, बहुधा वडिलांच्याच तोंडून, आणि हसलीही असेल. तुला अवघड जाणार आहे ते पाटल्यांचं पान तिच्यासमोर वाचणं. जी बोली घरात चालते तिला कुणी दाराबाहेर अश्लील म्हटलं तर घाबरायचं नाही, पण जी ओळ आपल्याच माणसासमोर वाचवत नाही ती का वाचवत नाही हे एकदा बसून बघायचं, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवीन लिहिणाऱ्याला सांगते. कधी उत्तर निघतं की ओळ खोटी आहे, कधी निघतं की ती फारच खरी आहे, आणि दोन्हीचा उपाय वेगळा.

वडिलांनाही विचार. लेखात त्यांची लुंगी आहे, त्यांचं पोट आहे, त्यांनी खाल्लेली शिवी आहे. कितपत छापून आलेलं चालेल हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे आणि ते नको म्हणाले तर माझ्या सगळ्या वरच्या बोलण्याला अर्थ नाही.

राहता राहिले संपादक. मी स्वतः बरीच वर्षं अंकांचे मजकूर तपासायचं काम केलंय, एकदा माझ्या हातून एका लेखकाची "हाय" ची सगळी "आहे" झाली होती, वरून तशा सूचना होत्या म्हणून, आणि छापून आल्यावर तो लेख कुणीतरी भाषांतर केल्यासारखा वाटत होता. अजून वाईट वाटतं मला त्याचं. त्यामुळे दोन ओळींच्या शेऱ्यावर विश्वास ठेवून सगळं धुऊन काढू नकोस. पण संपादक म्हणजे दुश्मन असंही समजू नकोस, त्यांना जाहिरातदार असतात, घरोघरी जाणारा अंक असतो, आणि ही भीती हवेतली नाही. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला होता, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९६९ मध्ये कोर्टाने सगळी कथा मिळून काय होतं ते बघा म्हणत त्यांना निर्दोष सोडलं, पण मधली सात वर्षं तर गेलीच ना.

त्यांना पत्र लिही, रागाने नको. लिही की बोली बदलणार नाही, ती माणसांची आहे. निवेदनातल्या शिव्या मी स्वतःहून कमी केल्यात, चार विनोद काढलेत, नियंत्रकाची शिवी आणि रानातला प्रसंग ठेवलाय आणि का ठेवलाय ते एकेका वाक्यात सांग. आणि विचार, यानंतरही कोणता शब्द खटकतो, नेमका शब्द सांगा. नेमका शब्द विचारला की बोलणं पुढे जातं, माझा अनुभव आहे. ते तरीही नाही म्हणाले तर दुसरा अंक बघ, बोलीतलं लिखाण आवर्जून मागणारे बरेच आहेत, फक्त बहुतेकांचा मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत ठरून जातो, तेव्हा आईला वाचून दाखवायचं काम पावसाळ्यावर ढकलू नकोस.